विटेवरची काच आणि विमानाचे पाते



या वेळच्या टपालात एक जड पाकीट आले. नांदेडजवळच्या एका वीटभट्टीवर काम करणाऱ्या भगिनीचे ते पत्र आहे. तिने सांगितले आणि मुलाने लिहिले. मुलगा लातूरला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सुटी लागली की भट्टीवर येतो आणि आईबापाबरोबर विटा वाहतो. पत्रासोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खंगराचा तुकडा आहे. खंगर म्हणजे जाळाच्या तोंडाशी राहून जास्त भाजलेली, काळीनिळी पडलेली, एकमेकींना चिकटून गेलेली वीट. वरून काचेसारखी चकाकते. बांधकामाला कोणी घेत नाही. फार तर पायात भरायला जाते.

मुलाचा प्रश्न असा आहे. "भट्टीत जाळाजवळच्या विटेवर काच चढते. विमानाच्या इंजिनात भट्टीपेक्षा जास्त जाळ असतो असे पुस्तकात आहे. मग आतले लोखंड वितळत कसे नाही? आणि हवेबरोबर धूळ आत गेली तर तिची काच होत असेल की नाही?" हा प्रश्न त्याने वर्गात विचारला तेव्हा हशा झाला. 'भट्टीवरचा पोरगा भट्टीच बघणार' असे कोणीतरी बोलले. आईने शेवटी आपला प्रश्न घातला आहे: मुकादम पुढच्या हंगामाची उचल द्यायला तयार आहे, पोराचे नाव लावले तर जास्त देतो म्हणतो, तेव्हा हे शिक्षण आमच्या उपयोगाचे आहे का ते सांगा.

ताई, तुमचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. पण आधी मुलाचा घेतो. त्याच्या प्रश्नाचा पहिला भाग सगळेच विचारतात. दुसरा भाग वाचून मात्र आम्ही उठून बसलो. इंजिनात गेलेल्या धुळीची काच होते काय, या एका गोष्टीवर जगातले मोठमोठे धातुशास्त्रज्ञ १९९० नंतर आजपर्यंत डोके लढवीत आहेत. हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, एवढेच.

प्रथम जाळाचे बघू. आपली साधी वीट सुमारे नऊशे ते हजार अंश सेल्सिअसला भाजते. त्याच्या वर शेदोनशे अंश चढले की मातीतली वाळू, चुना आणि इंधनाच्या राखेतले क्षार एकत्र येऊन वितळू लागतात. तोच खंगरावरचा रस. विमानाच्या नव्या जेट इंजिनात जळत्या वायूचे तापमान दीड हजार अंशांच्याही वर जाते. त्या वायूच्या झोतात जी पाती गरगर फिरतात ती लोखंडाची नसतात, निकेलच्या मिश्रधातूची असतात. आणि हा मिश्रधातू तेराशे-साडेतेराशे अंशांच्या सुमारास वितळतो! म्हणजे धातू ज्या उष्णतेला पाणी होईल, त्याहून जास्त उष्णतेत त्याला काम करायचे आहे.

हे दोन युक्त्यांनी साधते. एक, पाते आतून पोकळ ठेवतात आणि त्यातून त्यामानाने थंड हवा खेळवतात. दुसरी युक्ती म्हणजे पात्यावर सिरॅमिकचा पातळ लेप. सिरॅमिक म्हणजे आपल्या कपबशीची आणि विटेची जात. हा लेप झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचा असतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉनचे कण सापडतात, त्यापासून झिर्कोनिया काढता येतो. लेपाची जाडी साधारण पोस्टकार्डाएवढी, पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढासा थर, पण आतली थंड हवा चालू असली की तो धातूपर्यंत पोचणारी उष्णता शंभर ते तीनशे अंशांनी कमी करतो. शेगडीवरचे भांडे उतरवताना आपल्या भगिनी हाताला पदर गुंडाळतात ना, तसेच हे काम.

झिर्कोनियाच का? तो उष्णता फार हळू पुढे जाऊ देतो, हे एक. दुसरे असे की तापल्यावर धातू जसा फुगतो, त्याच्या जवळपास हाही फुगतो. दुसरी बरीच सिरॅमिक द्रव्ये एवढी फुगत नाहीत, मग खालचा धातू वाढला की वरचा लेप तडकतो. झिर्कोनियातही एक खोड आहे. शुद्ध झिर्कोनिया तापून निवताना आपल्या स्फटिकाची घडण बदलतो आणि एकदम फुगतो, त्यामुळे स्वतःच भुगा होतो. म्हणून त्यात वजनाने सात-आठ टक्के इट्रिया नावाचे द्रव्य मिसळतात. इट्रियाने त्याची घडण बांधून ठेवलेली असते. वाचकांनी हे इट्रिया ध्यानात ठेवावे, पुढे चोरी त्याचीच होणार आहे.

आणखी एक गोष्ट. हा लेप सलग काचेसारखा नसतो. एका पद्धतीत त्याचे बारीक बारीक उभे खांब वाढवतात, रानातल्या ज्वारीच्या ताटांसारखे, मधे फट ठेवून. धातू फुगला की खांब जरा लांब होतात, निवला की जवळ येतात. तडा जात नाही. दुसऱ्या पद्धतीत वितळलेल्या थेंबांची फवारणी करतात, तिथेही थेंबांच्या थरांत बारीक भोके आणि चिरा राहू देतात. आम्ही पूर्वी समजत होतो की लेप जितका घट्ट तितका चांगला. तसे नाही. लेपातली ही मोकळी जागाच त्याचा जीव वाचवते.

आणि त्याच फटींतून घात होतो.

हवेत धूळ असते. विमान धावपट्टीवर धावताना, वाळवंटावरून चढताना इंजिन ती ओढून घेते. ही धूळ बहुतेक सिलिकेटची, म्हणजे वाळू आणि खडकांच्या चुऱ्याची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्युमिनियम आणि सिलिकॉन या चौघांची ऑक्साइडे तिच्यात मुख्य असतात. साधारण बाराशे अंशांच्या वर ती वितळते आणि पात्यावर चिकटते. जुन्या इंजिनांत पात्याचा पृष्ठभाग एवढा तापत नसे, त्यामुळे धूळ कोरडी येई, थोडी घासून निघून जाई. इंधन वाचवण्यासाठी इंजिने जास्त तापवू लागले, तेव्हा त्याच धुळीचा रस होऊ लागला. मुलाने विचारले ते हेच.

हा रस काय करतो ते समजायला संक्रांतीची चिक्की आठवा. गुळाचा पाक गरम असताना शेंगदाण्यांमधल्या फटीफटीत उतरतो. निवला की सगळी वडी एकजीव, कडक होते. वाकवायला गेले की वाकत नाही, तुटते. पात्यावरच्या लेपाचे असेच होते. वितळलेली धूळ खांबांमधल्या फटींत झिरपते. इंजिन चालू आहे तोवर काही कळत नाही. विमान उतरले, इंजिन थांबले, की रस गोठतो. आता खांबांना हलायला जागा नाही. खालचा धातू आकसतो, वरचा भरीव झालेला थर तेवढा आकसत नाही. काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला की तो तडकतो, तशी ओढाताण होते आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे दुखणे जाळात लागते आणि मोडतोड निवताना होते. पापुद्रा गेला की तेवढ्या जागी धातू उघडा पडतो. पुढचा जाळ थेट त्याच्यावर.

दुसरा घात रसायनाचा आहे. हा रस नुसता बसून राहत नाही, तो लेपाला खातो. झिर्कोनियाला विरघळवतो आणि परत स्फटिक रूपाने बाहेर टाकतो, पण टाकताना त्यातले इट्रिया बरेचसे स्वतःकडे ठेवून घेतो. इट्रिया गेलेला झिर्कोनिया परत आपल्या जुन्या खोडीवर येतो, निवताना फुगतो आणि फुटतो. विटा भाजणाऱ्या हातांना यात नवल वाटू नये. राख लागलेल्या विटेचा कोपरा कसा झिजून गोल होतो ते त्यांनी पाहिले आहे. तिथेही नुसता जाळ वीट खात नाही, राखेचा रस खातो.

याचा सर्वांत भयंकर नमुना आपल्या मुंबईवरून गेलेल्या एका विमानाने पाहिला. १९८२ च्या जून महिन्यात ब्रिटिश एअरवेजचे एक जम्बो विमान लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑस्ट्रेलियाकडे चालले होते. २४ जूनच्या रात्री जावा बेटाजवळ ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरले. वैमानिकांना अंधारात ढग दिसला नाही. विमानात २६३ माणसे होती. चारही इंजिने एकामागून एक बंद पडली. राख इंजिनात वितळून आतल्या भागांवर चिकटली होती. सुमारे ३७ हजार फुटांवरून विमान नुसते तरंगत खाली येत राहिले. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास पहिले इंजिन चालू झाले, मग बाकीची. कारण काय? बंद इंजिन निवले, काच गोठली, तडकली आणि बरीचशी गळून पडली! जी गोष्ट लेपाच्या मुळावर येते, तिनेच त्या रात्री माणसे वाचवली. विमान जाकार्ताला उतरले. एकही माणूस दगावला नाही. पुढे १९८९ च्या डिसेंबरात अलास्कातही एका जम्बोची चारही इंजिने अशीच राखेने बंद पडली आणि तेही सुखरूप उतरले.

ज्वालामुखी रोज फुटत नाहीत. पण धूळ रोजची आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले दुबईला, सौदीला मजुरीसाठी विमानाने जातात. त्या वाळवंटी भागात चालणाऱ्या विमानांची इंजिने इतरांपेक्षा लवकर दुरुस्तीला काढावी लागतात, त्याचे एक मोठे कारण ही वितळणारी धूळ आहे. घाबरू नये. इंजिनात दुर्बीण घालून पाती तपासण्याची पद्धत आहे, आणि खराब पाते वेळेवर बदलतात.

मग उपाय काय? पहिला विचार सुचतो तो असा, की लेप असा करावा ज्याला रस लागणारच नाही. ते जमणे फार अवघड. एवढ्या उष्णतेत काचेचा रस जवळजवळ सगळ्याला लागतो. शोधकांनी उलटी वाट धरली. लेपाने रसाशी मुद्दाम आणि चटकन भिडावे, आणि भिडून त्याचाच दगड करून टाकावा! गॅडोलिनियम झिर्कोनेट नावाचे द्रव्य हे करते. धुळीचा रस त्याच्या फटीत शिरला की ते थोडे विरघळते, आणि गॅडोलिनियम, कॅल्शियम व सिलिका मिळून अ‍ॅपेटाइट नावाचे स्फटिक लगेच तयार होतात. आपल्या हाडादातांत जे खनिज असते त्याच्याच घराण्याची ही घडण आहे, फक्त घटक वेगळे. हे स्फटिक त्या तापमानाला वितळत नाहीत. फटीच्या तोंडाशी त्यांचे बूच बसते आणि मागचा रस वरच थांबतो. साध्या झिर्कोनियात रस पार तळापर्यंत जातो, इथे तो थोड्याच खोलीवर अडतो. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हे २००८ मध्ये तपशिलाने दाखवले.

सगळा खेळ वेगाचा आहे. रस झिरपण्याआधी बूच बसले पाहिजे. उशीर झाला तर उपयोग नाही.

दुसरी एक वाट आयआयटी मुंबईत शिकलेल्या नितीन पडतुरे यांची. ते पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये झिर्कोनियाच्या लेपातच अल्युमिना आणि टायटॅनिया मिसळून पाहिले. अल्युमिनियम रसात उतरले की रसाची काच राहत नाही, त्याचे स्फटिक होऊ लागतात आणि तो पुढे सरकत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधला एक ज्वालामुखी फुटला (त्याचे नाव लिहायला एक ओळ लागेल आणि वाचायला दोन, म्हणून सोडतो) आणि युरोपातली विमाने कित्येक दिवस जमिनीवर राहिली. पडतुरे यांच्या चमूने त्याच ज्वालामुखीची राख घेऊन लेपांवर तापवली. साधा लेप खराब झाला. अल्युमिनावाला आणि गॅडोलिनियमवाला, दोन्ही टिकले.

म्हणून प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. गॅडोलिनियमचा लेप साध्या झिर्कोनियापेक्षा ठिसूळ आहे, कोरडी वाळू आदळली तर लवकर झिजतो. खालच्या अल्युमिनाच्या थराशीही त्याचे पटत नाही. म्हणून खाली जुना झिर्कोनिया आणि वर गॅडोलिनियमचा थर असे दुहेरी अस्तर करतात. शिवाय बूच बसवताना लेप थोडा थोडा खर्ची पडतोच. आणि प्रत्येक देशाची धूळ वेगळी. कुठे चुना जास्त, कुठे लोखंड जास्त. एका धुळीला अडवणारा लेप दुसरीला अडवेलच असे नाही.

इथे आपल्या मराठवाड्याचे नाव निघते. नांदेड-लातूरच्या पायाखालचा काळा दगड, बसाल्ट, हा मुळात वितळलेला सिलिकेटच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्याचा हा दगड. त्यात जवळपास निम्मी सिलिका, बाकी अल्युमिना, लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम. म्हणजे इंजिनाला छळणारे ते चौघेही त्यात हजर, आणि पाचवे लोखंड वर! या दगडाला वितळायला अकराशे ते साडेबाराशे अंश पुरतात. आपली खडी फोडणारी माणसे ज्या धुळीत दिवसभर उभी असतात, ती धूळ इंजिनाच्या जाळात गेली तर तिचा रसच होणार. (फुप्फुसात गेली तर काय होते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि आम्ही तो लिहिणार आहोत.)

आता ताई, तुमचा प्रश्न. परमपूज्य बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांबरोबर एक मागणी अशी होती की आमच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासाठीसुद्धा, सरकारने पैसा द्यावा. हे शिक्षण महाग आहे आणि आमच्या माणसांच्या आवाक्याबाहेर आहे, हे त्यांना नीट ठाऊक होते. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तुमचा मुलगा आज जो अर्ज भरतो त्याची सुरुवात तिथली आहे. त्या वेळी कोणी असे विचारले नसेल काय, की दगडमातीत काम करणाऱ्यांच्या पोरांना इंजिनाशी काय करायचे आहे?

तेव्हा उचल तुमच्या दोघांच्या नावावर जेवढी मिळेल तेवढीच घ्या. पोराचे नाव लावू नका. एकदा जोडीत नाव गेले की फेड होईपर्यंत तो भट्टीवरून उठत नाही, हे आम्ही तुम्हाला सांगण्याची गरज नाही. घरात कमी पडेल हेही आम्हाला कळते. कागदावर सल्ला देणे सोपे असते. पण डिप्लोमा पुरा व्हायला फार दिवस राहिलेले नाहीत, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. धातूंचेच शिकायचे असेल तर पुण्याच्या सीओईपीत तो विषय आहे. आणि नांदेडहून रेल्वेने जाता येईल अशा हैदराबादेत एआरसीआय ही भारत सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाखालची संशोधन संस्था आहे, तिथे धातूंवर असे लेप चढवण्याचेच काम चालते. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असेल तर कागदांच्या प्रती घेऊन जवळच्या समाजकल्याण कार्यालयात जा. एकटे जाऊ नका, विहारातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घ्या.

चिरंजीवासाठी एक काम. पाठवलेला तुकडा आम्ही ठेवून घेतला आहे, पण भट्टीवर तसे ढीग पडले असतील. डोळ्यांवर चष्मा लावून आणि वर जुने पोते टाकून चार-पाच खंगर फोड. फुटलेली बाजू भिंगाखाली बघ. वरून काच, खाली लाल वीट, आणि मधे एक पट्टा दिसेल जिथे रस विटेच्या भोकांत उतरून थांबला आहे. तो पट्टा पट्टीने मोज. ज्या बाजूला राख जास्त लागली होती तिथे तो किती खोल आहे आणि जिथे नुसता जाळ होता तिथे किती, हे दोन रकान्यांत लिही. विटा कोणत्या इंधनाने भाजल्या तेही लिही: कोळसा, भुसा, बगॅस, जे असेल ते. आकडे आले की याच सदरात छापू, तुझ्या आणि आईच्या नावाने.